पडताळा

‘यांतून मिळणार किती?’ आमच्या घरीं कोणतीहि नवी वस्तु आली कीं तिच्या पाठोपाठ हा प्रश्न येतो. जुन्या संगणकास मोठी हार्ड डिस्क जोडून आम्हीं शिकण्याच्या हौसेनें बिटकॉइनचा नोड बसविला, तेव्हांहि तो आलाच. ‘कवडीहि नाहीं,’ हें आमचें उत्तर ऐकून सौभाग्यवतींनीं विजेच्या बिलाकडे नुसतें पाहिलें.

उत्तर खरें होतें. नवीं नाणीं मिळतात तीं वहीचें नवें पान, म्हणजे ब्लॉक, रचणारांस. नोड केवळ वही बाळगतो व प्रत्येक नोंद पडताळतो. या वहीचें पहिलें पान 3 जानेवारी 2009 चें. तेथपासूनच्या नोंदी सहाशें गिगाबाइटांहून अधिक भरतात. त्या आमचें यंत्र एकेक करून तपासूं लागलें. तिसऱ्या आठवड्यांत वीज गेली, माहिती बिघडली आणि तपासणीचा पुन्हां श्रीगणेशा करावा लागला.

या खटाटोपाचें मूळ वडिलांच्या कपाटांत आहे. तेथें एका बुडालेल्या पतपेढीचें पासबुक अजून आहे. त्यांतील प्रत्येक आंकडा बरोबर. पैसे मात्र नव्हते. ‘शिक्का होता ना!’ एवढेंच वडील म्हणत. दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवण्यापलीकडे त्यांच्या हातीं कांहीं नव्हतें.

म्हणूनच 15 ऑगस्ट 2010 ची हकीकत आम्हांस मोलाची वाटते. बिटकॉइनचीं नाणीं 2 कोटी 10 लाखांपलीकडे जावयाचीं नाहींत. पण त्या दिवशीं आज्ञावलींतील चुकीचा फायदा घेऊन कोणीं तरी 184 अब्ज नाणीं उत्पन्न केलीं. कांहीं तासांतच दुरुस्त आज्ञावली निघाली, लोकांनीं ती आपापल्या नोडांवर चढविली, आणि 74,638 क्रमांकाचें तें खोटें पान बाद झालें. आमच्या यंत्रानें त्या क्रमांकाचें पान तपासलें, तेव्हां तेथें सरळ हिशेब होता.

या पडताळ्याची मर्यादाहि आम्हांस कळली. सही खरी आहे, तेंच नाणें दोनदां खर्चिलेलें नाहीं, एवढें नोड सांगतो. तें कष्टाचें कीं लुबाडलेलें, हें त्यास ठाऊक नसतें. वडिलांसारख्यास फसवून घेतलेली रक्कमहि या वहींत बिनचूक नोंदली जाईल.

वही पुरी होऊन सुमारें दर दहा मिनिटांस एक नवें पान येऊं लागलें, त्या संध्याकाळीं आम्हीं हें सारें उत्साहानें घरांत सांगितलें. सौभाग्यवतींनीं भिंतीवरचें कॅलेंडर दाखविलें. त्यावर रोजच्या दुधाच्या खुणा होत्या. ‘गवळ्याची वही त्याच्याकडे, माझी माझ्याकडे. महिनाअखेर जुळवून मग पैसे. तुमचें यंत्र याहून निराळें काय करतें?’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या महिन्याचें विजेचें बिल भरण्यापूर्वीं मात्र सौभाग्यवती मीटरचा आंकडा स्वतः पाहून आल्या.