हार्ड डिस्क दिसेना

वर्गात रास्पबेरी पाय ४ वर पाठांचे व्हिडिओ लावतो. परवा यूएसबीची हार्ड डिस्क दिसेचना. आदल्या दिवशी ती चौथीतल्या एका मुलाने काढली होती, म्हणून मी त्यालाच रागावलो. मग टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' दिलं. डिस्क यादीत यायची, लगेच गायब. पेन ड्राइव्ह मात्र चालला, म्हणजे पोर्ट शाबूत! स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह केव्हाचं येत होतं. ती कमी व्होल्टेजची खूण. मी लावला होता मोबाइलचा जुना चार्जर. लागतो ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा. चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, तेही पुरवठा नीट असेल तर. नांदगावात जाऊन अडॅप्टर आणला, डिस्क लागली. परिपाठाला सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "चूक माझी होती रे." तो म्हणाला, "सर, मग आज गोष्टीचा व्हिडिओ लावा."