बाईंचा सल्ला

परवा कॉलेज रोडवर भाजी घेत होते. एकीने वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलंत?" नाव आठवेना, पण चेहरा लगेच आठवला. गणितात फार हुशार पोर. माझं फळ्यावर लिहून व्हायच्या आत हिचं उदाहरण सुटलेलं असायचं.

१९९२ ची गोष्ट. ती बारावी झाली आणि तिचे वडील विचारायला घरी आले. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने आदल्याच वर्षी पुण्यात खास मुलींसाठी कमिन्स इंजिनियरिंग कॉलेज काढलं होतं. हिला तिथं जायचं होतं, कॉम्प्युटर शिकायचं होतं. मी म्हटलं, "कशाला एवढ्या लांब? डी.एड. करू दे. घराजवळ नोकरी, संसाराला सोयीचं." वडिलांनाही तेच ऐकायचं होतं.

पुढे मीच वर्गात सुधा मूर्तींची गोष्ट रंगवून सांगायची. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं वाचून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि पुण्यात इंजिनियरची नोकरी मिळवली! मुली टाळ्या वाजवायच्या. मला मात्र दर वेळी ती आठवायची.

आता माझी सून आयटीत आहे. रात्री तिचा अमेरिकेचा कॉल सुरू झाला की नातवाला झोपवायचं काम माझं. टाळ्या खूप झाल्या, घरात कुणीतरी पोर सांभाळायला लागतं, हे मला तेव्हा कळलं.

असो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "छान चाललंय, बाई," म्हणाली. तक्रार नाही. मग हळूच म्हणाली, "मुलीला पुण्याला कॉम्प्युटरला प्रवेश मिळतोय. सासरे नको म्हणतात, मुलगी लांब नको. तुम्ही येऊन चार शब्द सांगाल का? शिक्षकांचं ते ऐकतात."

वडिलांनी तेव्हा कुणाचा सल्ला घेतला होता, हे तिला माहीत आहे की नाही कोण जाणे. विचारायचं धाडस झालं नाही.

रविवारी जाणार आहे. त्या आजोबांना कर्वे, टाटा काही सांगणार नाही. १९९२ साली मी काय बोलले होते, तेवढंच सांगेन. तिच्यासमोर.

काय झालं ते कळवीनच.