कोरं पान

मी आकड्यांवर पोट भरतो. माझ्या कार्डावर 'डेटा अ‍ॅनालिटिक्स' असं छापलेलं आहे. ते वाचून आमच्या गावाकडचे लोक 'म्हणजे नक्की काय?' असं विचारतात, तेव्हा मी 'दिवाणजीचं काम' असं उत्तर देतो. ते हसतात. त्यांना गंमत वाटते, पण मी खरंच सांगत असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर मी १९९७ साली लागलो, तो 'कॉम्प्युटरवाला' म्हणून. पेढीचे हिशोब टॅलीत चढवायचे होते. दिवाणजी तेव्हा साठीला टेकलेले. त्यांच्या वह्या माझ्या यंत्रात गेल्या की त्यांचं काम संपणार, हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं. तरी तीन महिने रोज संध्याकाळी ते माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि एकेक कलम मोठ्याने वाचत गेले. पोती, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई. मी टंकायचो. चुकलो की ते नुसते थांबायचे. चूक कुठली ते सांगायचे नाहीत.

सौदा झाला की आधी कीर्द, तारखेच्या क्रमाने. मग दिवे लागल्यावर त्याच कलमांची खतावणी, ज्याच्या त्याच्या खात्यावर. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची, असं मी विचारलं. म्हणाले, "कीर्द लिहिणाऱ्याच्या सोयीची, खतावणी विचारणाऱ्याच्या." मला तेव्हा हे म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. पुढे अ‍ॅमेझॉनने २०१२ साली रेडशिफ्ट जाहीर केलं आणि माहिती ओळींऐवजी रकान्यांनी साठवणारी कोठारं आमच्या धंद्यात आली. नोंद होते आडवी, ओळीने; प्रश्न येतात उभे. कोट्यवधी नोंदींतला फक्त रकमेचा रकाना वाचायचा असेल तर बाकीचं चाळत कशाला बसायचं? ही मांडणी शिकायला आमच्या टीमला आठवडा लागला. मला फारसं शिकावं लागलं नाही. लिहिण्याची घडी एक आणि विचारण्याची घडी वेगळी, हे मी यार्डात रोज रात्री पाहिलेलं होतं.

खाडाखोड त्यांना चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी बरोबर आकडा. रेघेखालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. टॅलीत मी नोंद उघडून सरळ बदलायचो, मागे काही उरायचं नाही. ते बघून त्यांचा चेहरा कडवट व्हायचा. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिलीच पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकारला सव्वीस वर्षं लागली, एवढंच म्हणतो.

आता मी पुण्यात असतो आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांची कामं करतो. पूर्वी मालकाला काही प्रश्न पडला की मला फोन यायचा. मी एसक्यूएल लिहायचो आणि दोन दिवसांनी तक्ता पाठवायचो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात हे चित्र पालटलं. आता मालक मोबाइलवर मराठीत विचारतो, "यंदा कोणतं गिऱ्हाईक तुटलं?" यंत्र स्वतःच एसक्यूएल लिहितं आणि चहा गार व्हायच्या आत उत्तर देतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या आयुष्यातला निम्मा वेळ तक्ते काढण्यातच गेलाय आणि ते काम कुणाला मुद्दाम द्यावं असं नव्हतंच.

पण एका घाऊक व्यापाऱ्याकडे घोटाळा झाला. हाच प्रश्न विचारल्यावर यंत्राने सोलापूरचं एक वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक तुटल्याचं सांगितलं. त्याच पेठेत एक नवं गिऱ्हाईक मिळाल्याची बातमीही दिली. नव्याची पत काय? नवा म्हणून शून्य. त्याचा माल गोदामातच अडवला गेला. चार दिवसांनी मालकाचा फोन आला. तो काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

झालं होतं असं की जुनं गिऱ्हाईक वारलं होतं आणि मुलगा तेच दुकान चालवत होता. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यात पहिली दोन अक्षरं राज्याची आणि पुढची दहा पॅनची. दुकान वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं. ते गेले, मुलाचा पॅन वेगळा, म्हणून क्रमांकही वेगळा. यंत्र खोटं बोललं नव्हतं. क्रमांक म्हणजेच माणूस, हे त्याला मीच शिकवून ठेवलं होतं.

त्या रात्री मला यार्डातली एक संध्याकाळ आठवली. दिवाणजींनी एक खातं वाचायला घेतलं आणि पानाच्या माथ्यावरची ओळ आधी वाचली, "वडिलांचं खातं, पान २१२ वरून पुढे." मी म्हटलं, "दिवाणजी, हे लिहायला यात जागा नाही. सोडून देऊ." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मग यंत्राला माणूस कळणार कसा?" एवढंच बोलले आणि पुढचं कलम वाचू लागले. आता आमच्या प्रत्येक कोठारात 'पान वरून' नावाचा एक रकाना आहे. टीममधल्या पोरांना हे नाव विचित्र वाटतं. त्यांनी ते बदलून बघितलं, मी परत तेच केलं.

दिवाळीनंतर ते पेढीवर यायचे थांबले. त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "माझ्या हातची एखादी वही नीट ठेव रे. माळ्यावर टाकू नकोस." मी हो म्हटलं.

मी पुण्याला गेलो आणि वह्या माळ्यावरून गोदामात गेल्या.

२००६ साली हरिपूरला त्यांच्या घरी गेलो होतो. आदल्या वर्षी कृष्णेचं पाणी गावात शिरलं होतं आणि जमिनीखाली हळद साठवायची कितीतरी पेवं त्यात गेली होती. मी कौतुकाने लॅपटॉप उघडला. पेढीच्या नऊ वर्षांच्या सौद्यांचा आलेख दाखवला. रेघ चढत होती, उतरत होती आणि २००५ च्या पावसाळ्यात एकदम तळाला टेकत होती. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"हे काय?"

"शून्य. पुराचे दिवस."

"त्या दिवसांत सौदे झाले नाहीत, का झाले आणि लिहिले गेले नाहीत?"

मला माहीत नव्हतं. नोंद नव्हती म्हणून मी शून्य भरलं होतं. आजही तरुण पोरं हीच चूक करतात आणि यंत्रही करतं. कोरी जागा दिसली की शून्य धरायचं आणि सरासरी काढून मोकळं व्हायचं. दिवाणजी बाजार बंद असलेल्या दिवशी पानावर तिरकी रेघ मारून 'सौदे बंद' लिहायचे. रेघ नसेल आणि पान कोरं असेल तर समजायचं की लिहिणाराच त्या दिवशी नव्हता.

चहा झाला. उठताना त्यांनी विचारलं, "आणि वह्या?"

मी खरं सांगितलं. गोदामात छातीएवढं पाणी होतं. १९९७ च्या आधीच्या सगळ्याचा लगदा झाला. त्यांच्या हातची वही मी ठेवली नव्हती, हेही सांगितलं.

ते बराच वेळ अंगणाकडे बघत होते. मग म्हणाले, "तेवढी पानं कोरी ठेव. शून्य भरू नकोस."

तो आलेख अजून माझ्याकडे आहे. मी डावीकडे जागा वाढवून घेतली आहे. त्यांनी पेढीवर काढलेली बत्तीस वर्षं तिथे मावतात. रेघ १९९७ पासून सुरू होते.