बोट नाक वर करते तेव्हा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात सगळ्यांचे प्लॅन ठरत असतात. कुणी लोणावळा, कुणी नवीन सिनेमा, कुणी नुसतीच झोप. मला कुणी विचारलं की मी सांगायचे, ‘‘बोट चालवायला चाललेय.’’ समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच पांढरीशुभ्र यॉट, गॉगल आणि हातात ज्यूसचा ग्लास यायचा. मी काही दुरुस्त करायचे नाही. इमेज बिल्डिंग फुकटात होत असेल तर कशाला मोडा?

खरी गोष्ट अशी की रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, एसटीने मालवण आणि तिथून देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माझ्या मामाचं घर. घरामागे नदीच्या काठाला त्याची बोट. अठरा फुटी, फायबरची, निळा रंग उडालेला. मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. तिकडे त्याला सगळे ‘ओबीएम’ म्हणतात. यॉट वगैरे विसरा. पहिल्या दिवशी माझ्या जीन्सला पेट्रोल, ऑइल आणि सुक्या बांगड्याचा जो वास लागला, तो तीन धुण्यांनी गेला नाही.

मामाला २०२२ साली अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय. फिजिओथेरपीने पाय बराच सुधारला, हात तितका नाही. बोलणं जरा जड झालं, आधीही तो फार बोलायचा नाहीच. बोट मात्र तेव्हापासून ताडपत्रीखाली. हँडलवाली बोट एका हाताने चालवता येते म्हणा, पण इंजिनाची दोरी खेचायची, पाण्यात उतरून बोट ढकलायची, नांगर ओढायचा, हे कोण करणार? मामीचं म्हणणं सरळ होतं. विकून टाका. एक गिऱ्हाईक आलंही होतं, एप्रिलमध्ये येऊन पैसे देतो म्हणाला होता. दिवाळीत मी गेले तेव्हा मामा ओट्यावर बसून त्या ताडपत्रीकडे बघत होता. मी पटकन बोलून गेले, ‘‘मला शिकव ना मामा. एप्रिलपर्यंत.’’ मला वाटलं तो हसेल. तो उठला आणि काठी टेकत टेकत चालायलाच लागला.

सुरुवात पेट्रोलपासून. जुनं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, पन्नासाला एक. वीस लिटरच्या टाकीला चारशे मिलि. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, नाहीतर थोडं पुढे जाऊन इंजिन घुसमटतं. पाइपमधला रबरी गोळा कडक होईपर्यंत दाबायचा. गिअर न्यूट्रल. चोक बाहेर. मग दोरी.

मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. वीस-पंचवीस वेळा ओढली. जिमची मेंबरशिप वसूल झाली असं म्हणायची वेळ आली. मामा काठावर खुर्ची टाकून शांत बसलेला. शेवटी त्याने डाव्या हाताने माझ्या मनगटाकडे बोट केलं. तिथे लाल रंगाची गुंडाळीची दोरी लोंबत होती. तिची क्लिप इंजिनाच्या बटणाखाली असायला हवी, ती मी लावलीच नव्हती! क्लिप नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. ही दोरी म्हणजे चालकाचा विमा. तुम्ही बोटीतून पडलात तर क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पंख्यासकट तुमच्याच अंगावर येऊ शकते. त्यानंतर पाच महिने मामाचं पहिलं वाक्य एकच, ‘‘दोरी लावलंस काय?’’

दुसरं वाक्य जरा अचकट आहे, पण सांगते. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची एक बारीक धार उडते. समुद्राचंच पाणी आत खेचून इंजिन स्वतःला गार ठेवतं, त्याची ती खूण. धार थांबली म्हणजे आत वाळू-कचरा अडकला, ताबडतोब बंद करा. मामा विचारायचा, ‘‘मुतता मां?’’ आणि मी वळून बघून, भर नदीत ओरडून सांगायचे, ‘‘हो, मुततंय!’’ एमबीएला हे शिकवलं नव्हतं.

बोट चालवणं गाडीसारखं असेल हा माझा समज पहिल्या दहा मिनिटांत फुटला. हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते, आणि उलट. बरं, ती पुढून वळतच नाही. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मागाहून वळल्यासारखं वाटतं. त्यामुळे धक्क्यापासून निघताना पुढचं टोक बघून ‘सुटलो बुवा’ म्हणावं, तर मागचा कोपरा धाडकन दगडाला. आणि ब्रेक? नाही हो. वेग कमी करायचा, न्यूट्रल करायचं आणि वाट बघायची. काठाला लागायचं ते नेहमी प्रवाहाच्या तोंडाला तोंड देऊन. पाणी पाठीमागून ढकलत असेल तर तुम्ही थांबलात तरी बोट थांबत नाही. कर्लीत भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची दिशाच बदलते. सकाळी ज्या बाजूने लागलात, संध्याकाळी त्याच्या उलट. मी मोबाइलवर ऑफिसच्या मीटिंगशेजारी भरतीच्या वेळा लिहून ठेवायला लागले.

मात्र खरा किस्सा सुरू झाला तो ‘पिन’पासून. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या फळीला लटकलेलं असतं, आणि ते फळीपासून किती कोनात उभं राहणार हे एका लोखंडी पिनवर ठरतं. महागड्या इंजिनांना बटण असतं, चालता चालता कोन बदलता येतो. आमच्याकडे पट्टीला पाच भोकं आणि त्यांत घालायची एक पिन. तीही मामाने नायलॉनच्या सुतळीने बोटीला बांधलेली. मी हसले होते त्या सुतळीला.

पिन फळीच्या जवळच्या भोकात घातली तर इंजिनाचा पाय आत जातो, पंखा पाणी असं ढकलतो की बोटीचं नाक खाली बसतं. बाहेरच्या भोकात घातली की नाक वर. ऐकायला इतकंच. पण बोटीचा वेग वाढतो तेव्हा आधी ती मागे बसते, नाक उचलते, समोरचं काही दिसत नाही, आणि मग एका क्षणी स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्यावरून घसरायला लागते. तो क्षण काय सॉलिड असतो! आवाज हलका होतो, बूड मोकळं होतं. नाक फार खाली असेल तर बोट पाणी नांगरत जाते, हँडल हाताला जड लागतं, पेट्रोल पितं. फार वर असेल तर तिला उचक्या लागतात. नाक वर, धप्प, नाक वर, धप्प. मी पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा नेमकं हेच. मागे मी, टाकी आणि इंजिन, पुढे कुणीच नाही. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी शेजारून चालल्या होत्या आणि इकडे आमची बोटच डॉल्फिन झाली होती. त्यातले दोन-तीन जण फोटोही काढत होते.

मामाने खुर्चीतूनच उपाय सांगितला. गोड्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन पुढे ठेव, टाकी पुढे सरकव आणि पिन पहिल्या भोकात. म्हणजे सगळ्यात आत. बोट लगेच शहाण्यासारखी वागायला लागली. वजन कुठे बसलंय हेच अर्धं उत्तर असतं, आणि माणसं हलली की ते उत्तर बदलतं. दोघं पुढे बसले तर पिन दुसऱ्या-तिसऱ्या भोकात. हे मी वहीत लिहून घेतलं होतं. खरंच, कोष्टक करून. एक्सेलची सवय.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी सराव केला, एकटीने, झकास. रविवारी सकाळी मामीला म्हटलं, ‘‘मामाला नेऊ का?’’ मामी काही बोलली नाही. आत गेली आणि त्याचं लाइफ जॅकेट घेऊन आली. झटक्यानंतर मामा पहिल्यांदाच पाण्यावर जाणार होता. शेजारचा बारावीतला पोरगा सोबत घेतला. दोघांनी धरून मामाला चढवलं, पुढच्या फळीवर बसवलं. दोरी? लावली. धार? आहे. निघालो.

खाडीच्या तोंडाशी समोरून लाटा येत होत्या. बोट त्या सुरीसारखी कापत होती, आपटणं नाही, काही नाही. थोडे तुषार उडत होते इतकंच. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते. हँडल जरा जड लागत होतं, पण म्हटलं तीन माणसं आहेत, असेल. बाहेर भोगव्याच्या समोर पाणी मोकळं होतं. मामाचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ. डावा हात त्याने बाहेर काढून पाण्यात सोडला होता. परतायची वेळ झाली तेव्हा मी सांगितलं, तर तो मान हलवून म्हणाला, ‘‘थोडा थांब.’’ थांबलो. वीस मिनिटं, कदाचित अर्धा तास. कोण नाही म्हणणार होतं?

तेवढ्यात ओहोटी लागली. नदीचं पाणी जोरात बाहेर यायला लागलं आणि समुद्राच्या लाटा आत जायला. दोघांची टक्कर खाडीच्या तोंडावर. आता लाटा उभ्या आणि जवळजवळ झाल्या होत्या, एक-दोन फुटतही होत्या. आम्ही त्यांच्याच दिशेने, त्या पाठीवर घेऊन आत शिरायला निघालो. पहिली लाट खालून सरकली, बोट तिच्या उतारावरून घसरली आणि नाक समोरच्या पाण्यात घुसलं. हिरवं पाणी काठावरून आत, मामाच्या मांडीपर्यंत. मागचा भाग एकदम बाजूला ओढला जायला लागला. हँडल धरायला मला दोन्ही हात लागले. बोट आडवी झाली असती तर पुढची लाट तिला उलटी करून गेली असती, आणि मामाला एक हात आहे.

मामाने मागे वळून बघितलं. ओरडला नाही. ‘‘फिरव. भायर.’’ दोन लाटांच्या मधला सपाट तुकडा पकडून मी बोट फिरवली आणि पुन्हा बाहेर काढली. लाटा फुटत नव्हत्या तिथे येऊन न्यूट्रल केलं. मग त्याने विचारलं, ‘‘पिन खंय आसा?’’

पहिल्या भोकात. कालच्या सरावाची, एकटीची, नाक खाली दाबणारी पिन! त्यात पाण्याचा कॅनही पुढेच, आणि त्याच्या शेजारी पंच्याहत्तर किलोचा मामा. समोरून लाटा येत होत्या तेव्हा याच खाली दाबलेल्या नाकाने मला शाबासकी दिली होती. लाटा पाठीवर आल्या तेव्हा तेच नाक आम्हाला बुडवायला निघालं होतं. वहीतलं कोष्टक? घरी, टेबलावर.

पोरगा वल्हं घेऊन नाळ लाटांकडे धरून बसला. मी इंजिन बंद केलं, उचलून अडकवलं, मागच्या फळीवरून ओणवी होऊन पिन ओढली. बोट डोलत होती, हात थरथरत होते आणि पिन सुटलीच हातातून. सुतळीला लोंबकळली. पुन्हा धरली, चौथ्या भोकात घातली. कॅन मागे ओढला. मामाला पुढून मधल्या फळीवर आणायला आम्हा दोघांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. तो बसल्या बसल्या, डाव्या हाताने फळी धरत, इंचाइंचाने सरकला. पोरग्याने पाणी उपसलं. क्लिप तपासली, सवयीने चोककडे हात गेला, तर मामा खाकरला. गरम इंजिनाला चोक नको. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

या वेळी नाक वर होतं. मामाने सांगितलं तसं एका लाटेच्या पाठीवर बसले आणि तिच्या मागेच राहिले. तिला ओलांडायचं नाही आणि मागचीला गाठू द्यायचं नाही. सगळा खेळ मुठीतल्या थ्रॉटलचा, सूतभर पुढे, सूतभर मागे. दोन मिनिटांचं काम असेल. आत आल्यावर पाणी इतकं शांत होतं की मला स्वतःचा श्वास ऐकू आला. मामा म्हणाला, ‘‘मुतता मां?’’ मी हो म्हटलं आणि मग मला रडू आलं. पोरग्याने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

घरी मामी काठावरच उभी होती. मामाची पॅंट ओली, माझे डोळे लाल. ‘‘काय झाला?’’ मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, ‘‘ह्यां पिन बदलूक इसारलां.’’ आपण ‘थोडा थांब’ म्हणालो होतो, ते त्याने गाळलं. मीही गाळलं. मग इंजिन उतरवून गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवलं. खारं पाणी आत राहिलं तर इंजिन आतून खाल्लं जातं. मामा शेजारी खुर्ची टाकून धार बघत बसला होता.

एप्रिलमध्ये ते गिऱ्हाईक आलं. मामाने त्याला चहा दिला, बोटीभोवती फिरवलं आणि म्हणाला, इंजिनात जरा काम आहे, पावसाळ्यानंतर बघू. इंजिनात काहीच काम नाही. मामीने माझ्याकडे बघितलं, मी चहाच्या कपाकडे.

परवा भर रिव्ह्यू मीटिंगमध्ये फोन थरथरला. देवबागचा नंबर बघून पोटात गोळा आला, बाहेर धावले. पलीकडे मामा. ‘‘सतरा तारखेक भांग आसा. पाणी गरीब असतला. ये.’’ आणि ठेवला. आत जाऊन मी आधी कोकणकन्येचं तिकीट बघितलं. वेटिंग बावीस.