सोपाऱ्याचा स्तूप पडद्यावर

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी आजच्या नालासोपाऱ्यातला स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. करंडकात चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची, मग सोन्याची. शेवटच्या डबीत बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे!

एवढा ऐवज वसई-विरारमधल्या एखाद्या परिषदेत एकाच स्लाइडवर मुद्द्यांच्या भाऊगर्दीत कोंबलेला दिसला, की जीव हळहळतो. वक्ता पडद्याकडे तोंड करून वाचत राहतो. श्रोते त्याच्या आधीच वाचून मोकळे झालेले असतात. त्यापेक्षा एका वेळी एकच डबी दाखवावी. मोठं छायाचित्र, शेजारी मापपट्टी, वर एक पूर्ण वाक्य. 'उत्खनन' असं मोघम शीर्षक नको. 'पाच डब्या एकात एक बसवल्या होत्या' असं नेमकं हवं.

शीर्षकाची जबाबदारी मोठी असते. 'कोलंबिया' अंतराळयानाच्या २००३ मधल्या अपघाताच्या चौकशी अहवालात एका स्लाइडची चिकित्सा आहे. तिचं शीर्षक धीर देणारं होतं, धोक्याची खूण तळाच्या बारीक मजकुरात. कल्पना चावलासह सात जण त्या यानात होते.

मराठी स्लाइडला आणखी एक जपावं लागतं. घरचा जुना फॉन्ट सभागृहातल्या संगणकावर नसला, की काना-मात्रांचा पार विचका होतो. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करावं, आणि पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवावी.