फॅनफेअर म्हणजे नुसता गाजावाजा नव्हे



मुलांनी 'फॅनफेअर'चा अर्थ विचारला की आपण बहुतेक जण 'गाजावाजा' सांगून मोकळे होतो. पण गोष्टीत राजा दरबारात येतोय आणि फॅनफेअर होते, तिथे हा अर्थ लावून बघा. मुलाला वाटणार, लोक आरडाओरडा करतायत! तिथे अर्थ आहे, तुतारीसारख्या पितळी वाद्यांवर वाजवलेली छोटी, जोरकस सलामी. कुणीतरी मोठं येतंय, एवढंच ती सांगते.

शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून. त्याआधीचं मूळ नक्की नाही. बरेच अभ्यासक तो वाद्याच्या आवाजावरून बनला असं मानतात, आणि मला ते पटतं. 'तुतारी' म्हणताना आपल्याही तोंडून 'तु-तु' निघतंच की! बढाईखोर माणसाला फ्रेंचमध्ये 'फाँफारों' म्हणतात, हेही मुलांना सांगा. स्वतःची टिमकी वाजवणारा त्यांना लगेच कळतो.

शेक्सपिअरच्या नाटकांत अशा सलामीला 'सेनेट', 'टकेट', 'फ्लरिश' असे वेगवेगळे शब्द आहेत. 'किंग लिअर'मध्ये राजा पहिल्यांदा रंगमंचावर येतो तो सेनेटवर.

'गाजावाजा' हा अर्थ चूक नाही, तो नंतरचा आहे. गंमत म्हणजे आपला शब्दही तसाच घडलाय. गाजणं आणि वाजणं, दोन्ही आधी कानाचे, मग प्रसिद्धीचे.

ही सलामी राजांपुरतीच राहिली नाही. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकन संगीतकार आरन कोपलंड यांनी 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' रचली. सलामी साध्या माणसाला! तिचा पहिला प्रयोग मार्च १९४३ मध्ये झाला, तोही आयकर भरण्याच्या दिवसांत. वर्गात जरूर ऐकवा.

सगळ्या फॅनफेअर थोड्या सारख्या का वाटतात? जुन्या ट्रम्पेटला आपल्या तुतारीसारखीच ना भोकं, ना कळा. ओठ कमी-जास्त आवळून जे मोजके सूर निघतील तेवढेच, म्हणून चाल उड्या मारत जाते. बागेच्या पाइपचा दीडेक मीटर तुकडा घ्या, एका टोकाला नरसाळं बसवा, दुसऱ्या टोकाला ओठ थरथरवत फुंका. दोन-तीन सूर सहज निघतात. शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवा.