गुर्विणी आणि हंडा

संस्कृतात गर्भवती स्त्रीस 'गुर्विणी' असा एक शब्द आहे. गुरु म्हणजे जड. जिच्या देहावर आधीच भार आहे ती, असा त्याचा सरळ अर्थ. आणि तरीही आमच्या जालना जिल्ह्यात उन्हाळा आला की पाण्याचा हंडा उचलण्याची पाळी पुष्कळदा तिच्यावरच येते. 1972 च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो, 2012-13 च्या टंचाईत शिक्षक होतो. दोन्ही वेळी दिवस भरत आलेल्या स्त्रिया पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

वडीलधाऱ्या बायका म्हणतात, 'काम केले की बाळंतपण सुलभ होते.' हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हे. डॉक्टरांची मनाई नसेल तर चालणे-फिरणे व हलके घरकाम हितकरच आहे. परंतु काम निराळे आणि ओझे निराळे. आयुर्वेदाच्या जुन्या आचार्यांनीही गर्भिणीस अतिश्रम वर्ज्यच सांगितले आहेत.

थोडा हिशेब करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरांचा हंडा भरला की पंधरा किलो, वर भांड्याचे वजन वेगळेच. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2013 साली मर्यादा सुचविल्या. त्यांप्रमाणे विसाव्या आठवड्यानंतर निरोगी गर्भवतीने क्वचित प्रसंगी, तेही वस्तू अंगाशी धरून, फार तर बारा किलोंपर्यंत उचलावे. वारंवार उचलावयाचे तर याच्या निम्म्याच्या आसपास. आणि जमिनीलगतचे ओझे तर उचलूच नये. कारण उघड आहे. या दिवसांत सांध्यांचे बंध सैल होतात, शरीराचा तोल पुढे जातो, आणि पोटामुळे ओझे पाठीपासून दूर धरावे लागते. तरफेचा नियम ज्यांनी शाळेत शिकला आहे त्यांना कंबरेवर काय ताण पडत असेल ते निराळे सांगावयास नको.

हंड्याची गोष्ट सर्वांना दिसते. मोठ्या अपत्याची दिसत नाही. तीन वर्षांचे मूल बारा-चौदा किलोंचे असते, आणि आई त्याला दिवसातून दहादा कडेवर घेते. त्यापेक्षा तिने खाली बसावे व मुलाला कुशीत येऊ द्यावे.

काही उचलणे अगदीच भाग पडले तर पाय थोडे फाकून, कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. वस्तू अंगाशी घ्यावी, श्वास कोंडू नये, आणि वळावयाचे तर कंबर न पिळता पावले वळवावीत. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता 102 किंवा 108 वर फोन करावा.

सरकारने 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात, गर्भवतीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात मालकाने तिला कष्टाचे काम देऊ नये, असे ठरविले. 'विनंती केल्यास' या दोन शब्दांशी आम्ही अडतो. कचेरीत अर्ज तरी देता येतो. एकत्र कुटुंबात सून विनंती कोणाकडे करणार? सासूबाईंसमोर 'मला हंडा उचलवत नाही' असे म्हणावयास तिची जीभ रेटत नाही. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींची गोष्ट तर याहून कठीण. उसाची मोळी डोक्यावर घेऊन त्या ट्रकवर चढतात. तेथे विनंती ऐकावयासही कोणी नसते.

म्हणून हा विषय सूनबाईंनी काढण्याची वाट घरच्या वडिलांनी पाहू नये, असे आमचे मत आहे. आमच्या घरातील मंडळींनी गेल्या उन्हाळ्यात, सूनबाईंना सातवा लागताच, मोठे हंडे माळ्यावर टाकले, पाच लिटरांच्या कळश्या काढल्या आणि त्या कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर मांडल्या. नळाला पाणी आले की भरण्याचे काम चिरंजीवांकडे व नातवाकडे दिले. चिरंजीवांनी पहिले दोन दिवस कुरकुर केली.